चेनसॉ सुरू होत नसेल तर आधी दोरी हातातून सोडावी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात नुकतेच एका वाचकाचे पत्र प्रसिद्ध झाले. पेट्रोलवर चालणारा चेनसॉ, म्हणजे लाकूड कापणारी साखळीची करवत, सुरू होण्यास त्रास देत असेल तर काय करावे, याविषयी त्यात तीन सल्ले होते: चोक पूर्ण ओढलेला ठेवून इंजिन चालू होईपर्यंत दोरी ओढत राहावी, तरीही काम न झाल्यास पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरवरचे स्क्रू थोडे इकडे-तिकडे फिरवून पाहावेत, आणि शेवटचा उपाय म्हणून ठिणगी पाडणारा प्लग काढून त्या भोकात पेट्रोल ओतावे. पत्रलेखकाच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु पहिल्या सल्ल्याने धडधाकट यंत्रही बंद पडते, दुसऱ्याने किरकोळ दोष गुंतागुंतीचा होऊन बसतो, आणि तिसरा अर्धाच बरोबर आहे. गेली १६-१७ वर्षे अशी यंत्रे वापरताना आणि उघडून पाहताना या तिन्ही चुका मी स्वतः केलेल्या असल्यामुळे थोडे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम चोकविषयी. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त असे दाट मिश्रण लागते. चोक ओढला की कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेली पाकळी मिटते, दोरी ओढल्यावर आत ओढ निर्माण होते आणि त्या ओढीने जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त पेट्रोल बाहेर येते. पूर्ण चोकवर तीन-चार, फार तर पाच-सहा वेळा दोरी ओढली की इंजिन एकदाच, खोकल्यासारखा, तुटक आवाज काढते. हा आवाज इतका पुसट असतो की कानांवर संरक्षक आवरण असेल किंवा शेजारी कोणी बोलत असेल तर तो सहज निसटतो. कधी आवाज कळतही नाही, फक्त दोरीच्या मुठीतून हाताला बारीक धक्का जाणवतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धुराचा एक लहानसा झोत दिसतो. इंजिन सुरू झालेले नसते, पण पेट्रोल आत पोहोचले आणि पेटलेही, एवढा निरोप त्याने दिलेला असतो. त्याच क्षणी चोक अर्ध्यावर आणायचा, आणि मग एक-दोन ओढीत ते उठते. उठल्यावर रेसचा खटका एकदा दाबून सोडला की सुरू करण्यापुरती अडकवून ठेवलेली रेस सुटते आणि इंजिन संथ चालू लागते.

आता तो खोकला ऐकूनही, किंवा न ऐकल्यामुळे, चोक तसाच ठेवून दोरी ओढत राहिल्यास काय होते ते पाहावे. प्रत्येक ओढीबरोबर आणखी पेट्रोल आत जाते, हवा मात्र जात नाही. दहा-बारा ओढींनंतर प्लगचे टोक पेट्रोलने आणि त्यात मिसळलेल्या तेलाने भिजते, आणि टोकांमधील फटीतून ठिणगी उडण्याऐवजी वीज त्या ओल्या काजळीवरून निमूटपणे निघून जाते. माणसाला वाटते, यंत्र बिघडले. वास्तविक आपणच ते बुडवलेले असते. सुरू न होणारी म्हणून माझ्याकडे आलेली बरीचशी यंत्रे अशी बुडवलेलीच होती, आणि त्यांच्या मालकांचे खांदे यंत्रापेक्षा जास्त दुखत होते.

बुडालेल्या इंजिनावर उपाय सोपा आहे. बटण बंद करावे, प्लग काढून कोरड्या फडक्याने पुसावा, चोक पूर्ण उघडावा, रेस पूर्ण दाबून धरावी आणि प्लगशिवायच आठ-दहा वेळा दोरी ओढावी, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेले पेट्रोल त्या भोकातून बाहेर फेकले जाते. ते थेट डोळ्यांच्या दिशेने येऊ शकते, म्हणून भोकासमोर तोंड नेऊ नये आणि त्यावर फडके सैलसर धरावे. त्यानंतर थोडा वेळ यंत्र तसेच उघडे ठेवून, प्लग घट्ट बसवून, चोक न ओढता सुरू करावे. काही सेकंद भरपूर धूर येईल. तो येऊ द्यावा.

दोरी ओढण्याची पद्धतही त्या पत्रात सुटून गेली होती. एका हाताने यंत्र हवेत लोंबकळत धरून दुसऱ्या हाताने दोरी झटकायची, ही पद्धत दिसायला रुबाबदार असली तरी धोकादायक आहे, कारण रेस अडकवलेली असताना इंजिन उठताक्षणी साखळी फिरू लागते आणि ती तेव्हा मांडीच्या जवळ असते. साखळीचा ब्रेक लावून यंत्र सपाट जमिनीवर ठेवावे, उजव्या पायाचा पंजा मागच्या मुठीत रोवावा, डाव्या हाताने पुढची मूठ खाली दाबून धरावी. दोरी आधी हळूच ओढून अडेपर्यंत आणावी आणि तेथून झपकन ओढावी. हे झपकन महत्त्वाचे आहे, कारण ठिणगीसाठी लागणारी वीज इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकावरील चुंबक कॉइलजवळून फिरल्यामुळेच तयार होते, आणि चाक एका ठरावीक वेगाने फिरले नाही तर सर्व सुटे भाग उत्तम असूनही ठिणगी पडत नाही. दोरी तिच्या शेवटापर्यंत ताणू नये आणि मूठ हातातून सोडून देऊ नये. ती हातानेच परत आत जाऊ द्यावी, नाहीतर दोरी तुटते किंवा आतील स्प्रिंग जाते आणि मूळ दोष बाजूला राहून नवेच काम निघते.

दोरीच जड लागत असेल तर तो वेगळा आजार समजावा. मोठ्या यंत्रांवर दाब कमी करणारी एक लहान कळ असते, ती दाबायची राहून गेली असेल तर दोरी जड जाते. सिलिंडरमध्ये पेट्रोल भरून राहिले असेल तर ती मध्येच भिंतीला टेकल्यासारखी अडते. अशा वेळी जोर करू नये, प्लग काढावा. प्लग काढूनही दोरी हलत नसेल तर पिस्टन सिलिंडरमध्ये धरलेला, म्हणजे अडकून बसलेला, असण्याची किंवा दोरीच्या आवरणातच काही अडकलेले असण्याची शक्यता आहे. आवरणाचे तीन-चार स्क्रू काढून ते बाजूला केले की या दोन्हींपैकी कोणते खरे, ते लगेच कळते.

येथून पुढे मुख्य मुद्दा. तुटक आवाज येतच नसेल, किंवा वर सांगितल्याप्रमाणे सर्व करूनही यंत्र उठत नसेल, तर दोरी सोडून प्लगचा पाना हातात घ्यावा. पेट्रोल, ठिणगी आणि दाब या तिन्हींविषयी सर्वात जास्त माहिती सर्वात कमी कष्टात देणारा भाग म्हणजे प्लग होय, आणि तरीही लोक तो सर्वात शेवटी काढतात. तत्पूर्वी बटण चालू आहे ना, हे मात्र पाहावे. हे वाचून हसू येईल; मलाही आले होते, परंतु एकदा ४० वेळा दोरी ओढून झाल्यावर.

पाच-सात वेळा चोकवर दोरी ओढून लगेच काढलेला प्लग हातात घेऊन त्याचे टोक उजेडात धरावे. ते ओले असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोहोचत आहे आणि दोष ठिणगीत किंवा पेट्रोलच्या प्रतीत शोधायचा. ते खडखडीत कोरडे असेल तर पेट्रोल पोहोचतच नाही आणि ठिणगीच्या मागे लागण्याचे तूर्त कारण नाही. एवढ्या एका नजरेने अर्धे काम संपते. त्याखेरीज रंगही पाहावा: फिकट तपकिरी असेल तर इंजिन व्यवस्थित चालत होते, काळी, तेलकट काजळी असेल तर तेल जास्त पडत आहे, हवेची गाळणी चोंदली आहे किंवा चोक अर्धवट अडकून राहत आहे, आणि टोक पांढरेफटक असेल तर मिश्रण फार पातळ होऊन इंजिन तापत होते. ही शेवटची खूण दिसल्यावर प्लग बदलून काम चालू ठेवणे म्हणजे पिस्टन गमावण्याची तयारी होय.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग त्याच्या टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या उघड्या धातूला टेकवावा आणि बटण चालू ठेवून दोरी ओढावी. प्लग भोकापासून दूर असावा आणि भोक झाकलेले असावे. बुडालेल्या इंजिनातून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते आणि आपण तिच्याशेजारीच ठिणगी पाडत असतो, याचे भान फार थोड्यांना असते. सावलीत पाहिल्यास निळसर, चटचट वाजणारी ठिणगी दिसली पाहिजे; भर उन्हात चांगली ठिणगीही दिसत नाही आणि माणूस उगाच कॉइल बदलतो. ठिणगी पिवळी व मरगळलेली असेल तर दुसरा प्लग लावून पाहावा. प्लगमधील फट बहुतेक चेनसॉंमध्ये ०.५ मि.मी. असते. नवा प्लग लावूनही ठिणगी नसेल तर बटणाकडून कॉइलकडे येणारी तार कॉइलपासून सुटी करून पुन्हा पाहावे. हे बटण वीज सोडत नाही, ते कॉइलची वीज यंत्राच्या धातूच्या अंगात उतरवून इंजिन बंद करते. त्यामुळे ती तार कोठे घासून सोलली गेली असेल आणि धातूला टेकत असेल तर यंत्र कायमचेच ‘बंद’ राहते. तार सुटी केल्यावर ठिणगी आली तर दोष तारेत किंवा बटणात आहे. नाही आली तर कॉइल आणि चुंबकाचे चाक यांमधील अंतर पाहावे; ते साधारण ०.३ मि.मी., म्हणजे एका जाडसर कार्डाएवढे असते. गंज चढला असेल तर तो घासून काढावा. इतके करूनही ठिणगी येत नसेल तरच कॉइल दोषी धरावी.

कोरड्या प्लगची कहाणी अधिक लांबते, कारण टाकीपासून सिलिंडरपर्यंतच्या वाटेवर अडथळ्याच्या जागा पुष्कळ आहेत. त्या सर्वांच्या आधी खुद्द पेट्रोल येते. टाकीचे झाकण उघडून वास घ्यावा. ताज्या पेट्रोलचा वास तिखट, नाकात जाणारा असतो; जुने झालेले पेट्रोल आंबूस, वार्निशसारखे लागते आणि रंगानेही गडद होते. तेल मिसळलेले पेट्रोल साधारण महिनाभरात वापरून संपवावे, असे बहुतेक माहितीपुस्तिका सांगतात, कारण लवकर उडून जाणारा, म्हणजे थंड इंजिन पेटवण्यासाठी नेमका हवा असणारा भागच त्यातून आधी निघून जातो. अशा पेट्रोलने प्लग ओला होतो, ठिणगी पडते, आणि यंत्र तरीही ढिम्म राहते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची तर आणखी एक खोड आहे. ते हवेतील ओलावा शोषते, आणि पाण्याचे प्रमाण वाढले की इथेनॉल व पाणी मिळून वेगळा थर होऊन तळाशी बसतो. टाकीतील गाळणी तळाशीच लोळत असते, त्यामुळे इंजिनाच्या वाट्याला आधी तोच थर येतो, ज्यात तेल जवळजवळ नसते. म्हणून संशय आला की मिश्रण काचेच्या बाटलीत ओतून दहा मिनिटे उजेडात ठेवावे. खाली वेगळी रेघ दिसली तर ते सर्व बाजूला काढावे.

तेलाच्या प्रमाणाविषयी त्या पत्रात ‘अंदाजाने घालावे’ असे वाक्य होते, त्याला माझा ठाम आक्षेप आहे. ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, हे प्रमाण सांगितले असेल तर १ लिटरला २० मि.लि. तेल पडते, ४० ला १ असेल तर २५ मि.लि. आणि २५ ला १ असेल तर ४० मि.लि. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत जे असेल तेच, मापाने, वेगळ्या डब्यात मिसळून आणि डबा हलवून मग टाकीत ओतावे. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळण्याची दुसरी कोणतीच वाट नाही. तेल जास्त झाले तर प्लग आणि सायलेन्सर काजळतात व यंत्र सुरू होण्यास कुरकुरते. कमी झाले तर ते उत्साहाने सुरू होते आणि काही मिनिटांत कायमचे थांबते.

पेट्रोल ताजे असेल तर गाळणीकडे वळावे. वाकवलेल्या तारेच्या आकड्याने ती टाकीच्या तोंडातून बाहेर ओढता येते. ती काळवंडली असेल तर धुण्याच्या फंदात न पडता बदलावी, आणि ती हातात असतानाच तिच्यामागची नळी वाकवून पाहावी, कारण जुन्या नळीला केसाएवढ्या भेगा पडतात, त्यातून पेट्रोल गळत नाही पण हवा आत ओढली जाते. प्रायमरचा, म्हणजे हाताने दाबून पेट्रोल पुढे ओढण्याचा, फुगा असणाऱ्या यंत्रात हे ओळखणे सोपे आहे: फुगा दाबत राहूनही त्यात पेट्रोल भरत नसेल किंवा बुडबुडे येणे थांबतच नसेल तर नळी किंवा गाळणी दोषी आहे.

टाकीच्या श्वासनळीविषयी मला थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण तिने माझा एक अख्खा दिवस घेतला आहे. माझे यंत्र सकाळी सुरू होई, पाच-सात मिनिटे चाले, मग दम लागल्यासारखे होऊन बंद पडे आणि नंतर कितीही ओढले तरी उठत नसे. मी प्लग बदलला, गाळणी बदलली, कार्ब्युरेटर उघडून आतले पडदेही नवे घातले. संध्याकाळी कंटाळून ते सर्व पेट्रोल काढून टाकण्यासाठी टाकीचे झाकण फिरवले, तेव्हा फस्स असा आवाज होऊन हवा आत शिरली, आणि त्यानंतर पहिल्याच ओढीला इंजिन उठले. जेवढे पेट्रोल बाहेर जाते तेवढी हवा टाकीत यावी म्हणून एक बारीक झडप असते, ती भुशाने आणि तेलाने बुजली होती. टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल पुढे येणेच थांबत होते. आजार म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात, तसे माझे दिवसभर चालले होते. तेव्हापासून चालून बंद पडणाऱ्या कोणत्याही यंत्राचे झाकण मी प्रथम सैल करून पाहतो. अर्थात ही केवळ परीक्षा आहे. झाकण सैल ठेवून काम करू नये, झडप साफ करावी किंवा बदलावी.

यानंतरही प्लग कोरडाच राहत असेल तर कार्ब्युरेटरकडे जावे. येथे एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. मोटारसायकलच्या जुन्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता फ्लोट असतो आणि तो उभ्या स्थितीतच काम करतो. चेनसॉ आडवा, तिरका, प्रसंगी उलटाही धरावा लागतो, म्हणून त्यात फ्लोटऐवजी रबरासारखे दोन पातळ पडदे असतात: एक इंजिनाच्या खालच्या पेटीतील दाबाच्या हेलकाव्यांवर हलून पेट्रोल ओढतो, दुसरा सुईला उघडझाप करायला लावून ते मोजून आत सोडतो. हे पडदे काळाने आणि जुन्या पेट्रोलने कडक होतात. नवा पडदा बोटावर ठेवला तर कापडासारखा झुकतो. कडक झालेला हलवला तर कागदासारखा कडकडतो. तसा झालेला पडदा सुईला पुरेसा दाबू शकत नाही आणि पेट्रोल येत नाही. सुईखाली कचरा अडकला तर याच्या उलट, पेट्रोल थांबतच नाही आणि इंजिन पुन्हा पुन्हा बुडते. आत नखाएवढी एक जाळी असते, तीही चिकट थराने बुजलेली सापडते. पडदे आणि सुई यांचा संच बदलणे हे संयमाचे काम आहे, कठीण नाही; प्रत्येक भाग कोणत्या क्रमाने निघाला हे कागदावर मांडून ठेवले म्हणजे झाले.

कार्ब्युरेटरच्या स्क्रूंना या टप्प्यापर्यंत हात लावण्याचे काहीच कारण घडत नाही, आणि माझा त्या पत्राशी मुख्य मतभेद येथेच आहे. काल व्यवस्थित चालणारे यंत्र आज उठत नसेल तर स्क्रू रातोरात फिरलेले नसतात. ‘एल’ खुणेचा स्क्रू संथ गतीचे मिश्रण ठरवतो, ‘एच’ खुणेचा पूर्ण वेगाचे, आणि तिसरा फक्त संथ गतीचा वेग. सुरू होण्याशी पहिल्याचा आणि तिसऱ्याचाच संबंध येतो. ‘एच’ थोडासा जरी जास्त आवळला गेला तरी मिश्रण पातळ होते, पूर्ण वेगात पेट्रोल कमी पडते आणि पेट्रोलबरोबर येणारे तेलही कमी पडते. यंत्र काही काळ नेहमीपेक्षा जास्त जोशात, कर्कश आवाजात चालते आणि वापरणारा खूश होतो. त्यानंतर सायलेन्सर काढला की झरोक्यातून पिस्टनवरचे उभे ओरखडे दिसतात. स्क्रू फिरवायचेच असतील तर आधी हवेची गाळणी साफ करावी, प्रत्येक स्क्रू पूर्ण बंद होईपर्यंत किती फेरे फिरतो ते मोजून लिहून ठेवावे आणि पुस्तिकेतील मूळ मापापासून सुरुवात करावी. संथ गतीत साखळी फिरता कामा नये, ही त्यातली किमान अट. काही नव्या यंत्रांत मिश्रण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आपोआप ठरते, त्यांत हे स्क्रू नसतातच, आणि त्यांची सुरू करण्याची पद्धतही वेगळी असते; त्यांना वरील चोकचा क्रम जसाच्या तसा लावू नये.

तिसरा सल्ला प्लगच्या भोकात पेट्रोल ओतण्याचा. ओतणे हा शब्दच चुकीचा आहे. तेल मिसळलेल्या पेट्रोलचे चार-पाच थेंब टाकून, प्लग बसवून दोरी ओढली आणि इंजिन दोन-तीन ठोके देऊन थांबले, तर ठिणगी व दाब ठीक आहेत आणि दोष पेट्रोलच्या वाटेवर आहे, हे सिद्ध होते. ही तपासणी आहे, आणि ती एकदाच करायची असते. निव्वळ पेट्रोल वापरल्यास सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन निघतो. इंजिन झटपट पेटवणारे जे फवारे मिळतात, त्यांचेही तेच; चार-स्ट्रोक इंजिनात ते एक वेळ चालतील, येथे प्रत्येक फवारा कोरड्या घर्षणाला आमंत्रण देतो.

पेट्रोल येते, ठिणगी पडते, तरीही इंजिन मूक, अशी वेळ आली तर दाबाची परीक्षा करावी. बटण बंद ठेवून, दाब कमी करणारी कळ असल्यास ती मिटलेली आहे याची खात्री करून, यंत्र दोरीच्या मुठीला धरून उचलावे. दाब चांगला असेल तर ते थांबत थांबत, झटके देत खाली येते. सरळ सरसर खाली घसरले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत किंवा पिस्टन खरवडला आहे. मापक लावल्यास चांगले इंजिन साधारणपणे १२० ते १५० पाऊंड प्रति चौरस इंच दाब दाखवते. ९० च्या खाली गेलेले यंत्र थंडपणी उठवणे जिकिरीचे होते. हे काम जाणकाराकडे द्यावे. त्याआधी सायलेन्सरमधील ठिणग्या अडवणारी बारीक जाळी मात्र स्वतः काढून पाहावी, कारण ती काजळीने बंद झाली तर इंजिनाला श्वास सोडता येत नाही आणि लक्षणे नेमकी दाब गेल्यासारखीच दिसतात. तारेच्या ब्रशने पाच मिनिटांत ती स्वच्छ होते.

थंड असताना पहिल्या ओढीला उठणारे आणि काम करून थांबवल्यावर न उठणारे यंत्र हा वेगळा प्रकार आहे. बहुतेक वेळा तेथे यंत्राचा दोष नसून पुन्हा चोकचाच असतो: गरम इंजिनाला दाट मिश्रण लागत नाही, आणि सवयीने चोक ओढला की ते बुडते. चोक न ओढता, रेस अर्धी अडकवून ओढावे. तरीही नकार दिला आणि तासाभराने, गार झाल्यावर आपोआप उठले, तर कॉइल तापल्यावर साथ सोडत आहे का, हे गरम असतानाच ठिणगी पाहून ठरवावे; गार झाल्यावर पाहिलेली ठिणगी काहीच सांगत नाही.

यंत्र महिना-दोन महिने लागणार नसेल तर टाकी रिकामी करावी आणि उरलेल्या थेंबांवर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत मोकळ्या जागेत चालवावे. वर लिहिलेल्यांपैकी चिकटलेली जाळी, कडक पडदा आणि बुजलेला जेट हे तिन्ही प्रकार ठेवणीत राहिलेल्या पेट्रोलमुळेच मी सर्वाधिक पाहिले आहेत.

आपल्या सदरातील उपयुक्त पत्रे कापून जपून ठेवणारे वाचक असतात, आणि यंत्र अडले की तेच कात्रण शोधले जाते. म्हणून विनंती अशी की, माझे पत्र जागेअभावी पूर्ण छापता आले नाही तरी चालेल, परंतु मागील पत्रातील ‘इंजिन चालू होईपर्यंत चोक ओढलेला ठेवावा’ या वाक्याच्या जागी ‘पहिला तुटक आवाज येताच चोक अर्ध्यावर आणावा, आणि सहा-सात ओढींत तो आला नाही तर प्लग काढून पाहावा’ एवढी दुरुस्ती अवश्य प्रसिद्ध करावी.

कळावे,

आपला नम्र,
एक नियमित वाचक